जुने अमेरिकन चांदीचे डॉलर एवढे महाग का? त्यामागचा इतिहास

१७९४ च्या अमेरिकन डॉलरमध्ये शुद्ध चांदी असते साधारण २४ ग्रॅम. मोडीत घातला तर तेवढ्या चांदीचे पैसे येतील, बस्स. पण तसाच एक डॉलर जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेला. माझं तर ठाम मत आहे की या नाण्यांचे भाव पाठ करण्याआधी टांकसाळीचा इतिहास वाचावा, कारण नाणं कसं पाडलं आणि नंतर दोनशे वर्षं कुठे पडून राहिलं यावरच सगळा भाव ठरतो.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा बाजारात चालायचं ते स्पॅनिश चलन, मेक्सिको-पेरूच्या चांदीचं आठ रियालचं नाणं. २ एप्रिल १७९२ ला कायदा झाला, फिलाडेल्फियात टांकसाळ काढायचं ठरलं आणि स्पॅनिश नाण्याच्या अंदाजानेच डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन, म्हणजे तीच साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी ठरवली. कोणीही आपली चांदी घेऊन जायचं आणि तिची नाणी पाडून आणायची, अशी पद्धत. पण सोन्याचांदीला हात लावायचा तर मुख्य नाणेकार आणि धातू तपासणारा अधिकारी, दोघांनी प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यायचा अशी अट होती आणि एवढी ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून १७९३ चं अख्खं वर्ष तांब्याची नाणी पाडण्यात गेलं. १७९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रक्कम कमी केली तेव्हा कुठे चांदीचं काम सुरू झालं.

१५ ऑक्टोबर १७९४ ला पहिले १,७५८ डॉलर तयार होऊन बाहेर आले. प्रेस होता लहान नाण्यांचा, एवढ्या मोठ्या चकतीवर दाब पुरायचा नाही, त्यामुळे बहुतेक नगांवर डावीकडचे तारे फिके उठलेत. आज दीडशेच्या आसपास नग उरलेत आणि ज्याच्यावर ते तारे नीट दिसतात त्याचा भाव एकदम वेगळा.

बाकीचे गेले कुठे? अमेरिकन डॉलर स्पॅनिशपेक्षा किंचित हलका, पण वेस्ट इंडीजमध्ये दोन्ही एकाच भावाने चालायचे, मग दलाल लोक नवे डॉलर तिकडे द्यायचे, बदल्यात जड स्पॅनिश नाणी आणायचे, ती टांकसाळीत देऊन परत नवे डॉलर पाडून घ्यायचे आणि हे चक्र चालूच. शिवाय चीनच्या व्यापारात चांदी जायची ती वेगळीच. टांकसाळ राबत होती आणि देशात डॉलर दिसत नव्हता, म्हणून १८०४ मध्ये डॉलर पाडणंच थांबवलं.

मग चांदीचं मुख्य नाणं झालं अर्धा डॉलर. बँका ते गठ्ठ्याने तिजोरीत ठेवायच्या, आपापसातले हिशोब त्यातच भागवायच्या, लोकांच्या खिशात फारसे फिरलेच नाहीत. त्यामुळे १८०७ ते १८३६ चे टोपीवाल्या लिबर्टीचे (स्वातंत्र्यदेवीचे) अर्धे डॉलर आजही भरपूर मिळतात, छान अवस्थेत मिळतात आणि थोडा झिजलेला नग तर साध्या पगारदारालाही परवडतो. मला स्वतःला ही मालिका सगळ्यात आवडते. साच्यावर तारे, अक्षरं, आकडे हाताने एकेक ठोकलेले, त्यामुळे एकाच वर्षाचे दोन साचे कधी तंतोतंत सारखे नसतात. आकड्यावर आकडा ठोकलेलाही सापडतो. १८१७ मध्ये ४ वर ७ ठोकलेला अर्धा डॉलर जेमतेम डझनभर माहीत आहे, आणि त्याच वर्षाचा साधा नग कुठल्याही डीलरकडे मिळेल. हे सगळे प्रकार अल ओव्हरटन यांनी १९६७ च्या पुस्तकात नंबर देऊन लावले, ते ओव्हरटन नंबर आजही चालतात.

आता १८०४ च्या डॉलरची गोष्ट, ही सगळ्यात भारी. त्या वर्षी डॉलर पाडले होते, पण जुन्याच सालाच्या साच्यांवर. १८३४ मध्ये सरकारला आशियातल्या राजांना भेट द्यायला नाण्यांचे पूर्ण संच हवे होते. टांकसाळीने दप्तर काढलं, शेवटचे डॉलर १८०४ चे दिसले, म्हणून तेच साल घालून नवे साचे केले! एडमंड रॉबर्ट्स हा दूत ते संच घेऊन पीकॉक नावाच्या युद्धनौकेवर निघाला. सप्टेंबर १८३५ मध्ये ओमानजवळ मसीरा बेटापाशी नौका रुतली, हलकी करायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. मस्कतच्या सुलतानाला त्याचा संच पोचला आणि मग नौका दुरुस्तीला आली थेट आपल्या मुंबईत. म्हणजे सयामच्या (आजचं थायलंड) राजासाठीचा १८०४ चा डॉलर त्या वर्षाअखेरीस मुंबई बंदरात होता, हे वाचलं तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला. एप्रिल १८३६ मध्ये तो राजाच्या हाती गेला, आणि रॉबर्ट्स त्याच जूनमध्ये मकावला वारला.

पुढे १८५८ नंतर टांकसाळीतल्याच लोकांनी आणखी काही नग गुपचूप पाडून संग्राहकांना विकले. आज एकूण १६ माहीत आहेत, ८ पहिल्या खेपेचे, ८ नंतरचे. त्या नंतरच्यातला एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावरच ठोकलाय, तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मस्कतच्या सुलतानाकडचा मानला जाणारा नग १९९९ मध्ये ४१.४ लाख डॉलरला गेला आणि २०२१ मध्ये ७६.८ लाखांना.

अवस्था मोजायला १ ते ७० ची पट्टी वापरतात, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी काढली होती, पुढे १९८६ ला पीसीजीएस आणि १९८७ ला एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतल्या ग्रेडवर बाजार चालायला लागला. चांदी काळी पडली म्हणून घासू नका प्लीज, घासलेल्या नगाला आकडी ग्रेडच मिळत नाही आणि भाव धाडकन खाली येतो. उलट काही जुन्या डॉलरवर समांतर रेघा दिसतात, नव्या माणसाला ते ओरखडे वाटतात, पण वजन जास्त भरलेली चकती छाप मारायच्या आधी कानसीने घासून हलकी करायचे त्याच्या त्या खुणा. बनावट माल बाजारात प्रचंड आहे, तेव्हा आधी वजनकाटा काढा, १८०३ पर्यंतचा न झिजलेला डॉलर २६.९६ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि कडेवर अक्षरं असतात, गुळगुळीत किंवा दातेरी कड दिसली तर तिथेच थांबा.