सॉफ्टवेअरमधली सिक्युरिटीची चूक जबाबदारीनं कळवणं

कंपनीच्या वेबसाइटात किंवा ॲपात अशी चूक सापडली की जिच्यातून परक्या माणसाला लोकांची माहिती दिसते, बदलता येते किंवा पैसे इकडचे तिकडे करता येतात, तर ती आधी गुपचूप त्या कंपनीलाच कळवायची, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि चारचौघांत बोलायचं ते त्यानंतरच. या पद्धतीला रिस्पॉन्सिबल डिस्क्लोजर म्हणतात, कोऑर्डिनेटेड डिस्क्लोजर असंही म्हणतात.

हे काम पुण्या-बंगलोरच्या इंजिनिअर लोकांचं आहे असा समज आहे, पण विदर्भातल्या खेड्यांत अशी चूक बरेचदा सेतू केंद्र चालवणाऱ्या पोराला किंवा पॉलिटेक्निकला जाणाऱ्या पोरीला आधी दिसू शकते, कारण एकच पेज दिवसभर तेच उघडून राहिले असतात. कास्तकाराचं आधार, पासबुक, सात-बारा, मोबाइल नंबर सगळं आता कुठल्या ना कुठल्या ॲपात चढलेलं आहे, पीक विमा असो, जिनिंगची पावती असो की मायक्रोफायनान्सचा हप्ता. आणि ज्याची माहिती उघडी पडते त्याला बिचाऱ्याला ती उघडी आहे हेही माहीत नसतं, तो वावरात असतो.

नेहमी दिसणारी एक चूक समजून घ्या. समजा एका खासगी कापूस व्यापाऱ्याच्या ॲपातून काट्याची पावती मोबाइलवर येते आणि लिंकच्या शेवटी 4182 असा आकडा असतो. कोणी सहज 4183 टाकलं आणि पुढच्या गाडीवाल्याचं नाव, गाव, क्विंटल, भाव, बँक खातं सगळं समोर आलं. सर्व्हर फक्त एवढंच बघतो की तुम्ही लॉगिन केलंय की नाही, ही पावती तुमची आहे का हे विचारतच नाही. याला आयडॉर (इनसिक्युअर डायरेक्ट ऑब्जेक्ट रेफरन्स) म्हणतात आणि ते ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे कोणाला काय दिसावं याची तपासणीच ढिली असणं, या प्रकारात मोडतं. वेब सिक्युरिटीवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या 2021 च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत हाच प्रकार पहिल्या नंबरवर होता, म्हणजे मोठ्या मोठ्या कंपन्याही इथेच चुकतात.

आता खरा मुद्दा. दिसलं की तिथंच थांबायचं. खात्री करायची असेल तर स्वतःची एक पावती आणि भावाची एक, त्याला विचारून, एवढं पुरतं. 1 पासून 10000 पर्यंत सगळ्या पावत्या स्क्रिप्ट लावून उतरवून घ्यायच्या आणि मग म्हणायचं की मी तर पुरावा गोळा करत होतो, हे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा काढणं हे येतं, त्यावर भरपाई लागू शकते, आणि तेच लबाडीनं केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगल्या मनानं शोधणाऱ्याला आपोआप सूट देणारं कलम या कायद्यात नाही, म्हणून कंपनीची लेखी पॉलिसी असेल तर ती आधी वाचावी आणि तिच्या आतच राहावं.

गावात पहिली चूक होते ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. "भाऊ, हे पाहा, कोणाचीबी पावती दिसून राहिली" असा स्क्रीनशॉट पडला की तासाभरात चार तालुक्यांत फिरतो आणि दुरुस्ती व्हायच्या आधी ज्यांचं खातं उघडं आहे त्यांचंच नुकसान होतं. दुसरी चूक म्हणजे गावातल्या एजंटाला सांगून मोकळं होणं, त्याच्या हाती कोड थोडीच असतो.

मग सांगायचं कोणाला? काही कंपन्या वेबसाइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल ठेवतात, तिच्यात चूक कळवायचा पत्ता असतो, तिचं स्टँडर्ड आरएफसी 9116 हे एप्रिल 2022 मध्ये आलं. ती नसेल तर प्रायव्हसी पॉलिसीच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचं, म्हणजे तक्रारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव शोधायचं, लोकांची संवेदनशील माहिती ठेवणाऱ्या कंपनीनं ते वेबसाइटवर द्यायचं असं माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत आहे. कस्टमर केअरवर फोन केला तर "ॲप अपडेट करा" एवढंच ऐकायला मिळतं. मेल मराठीत लिहिला तरी चालतो, पण मोघम नको: "तारीख अमुक, माझ्या लॉगिनमधून पावती उघडली, लिंकमधला शेवटचा आकडा एकनं वाढवला, दुसऱ्याची पावती दिसली, पुढे काही उघडलं नाही, या एका स्क्रीनशॉटशिवाय काही सेव्ह केलं नाही." सोबत स्क्रीनशॉट, त्यातलं नाव आणि खातं नंबर झाकून. पैशाची अट घालायची नाही. बक्षीस देणारे बग बाउंटी प्रोग्रॅम असतात, नेटस्केपनं 1995 मध्येच असा प्रोग्रॅम काढला होता, पण ते कंपनीनं जाहीर केलेलं असतं. "पैसे द्या नाहीतर सगळं बाहेर काढतो" ही सरळ खंडणी झाली.

वेळ किती द्यायचा याचा एकच नियम नाही. गूगलची अशा चुका शोधणारी प्रोजेक्ट झीरो टीम 90 दिवस देते, अमेरिकेतली सर्ट सीसी ही चुका कळवण्यात मध्यस्थी करणारी संस्था 45 दिवस. ऑनलाइन सॉफ्टवेअरचं एक बरं असतं, सर्व्हरवर एकदा दुरुस्त झालं की सगळ्यांसाठी झालं, कास्तकाराला काही डाउनलोड करावं लागत नाही, त्यामुळे घाईनं जाहीर करायचं कारणही कमीच उरतं.

कंपनी ऐकतच नसेल तर सर्ट-इन आहे. ही केंद्र सरकारची संस्था 2004 पासून काम करते, कळवलेली चूक संबंधित कंपनीपर्यंत पोचवते आणि मध्यस्थी करते, आणि 2021 पासून तिला सीव्हीई नंबर, म्हणजे अशा चुकीला जगभर ओळखला जाणारा नंबर, द्यायचाही अधिकार आहे. कोणाच्या खात्यातून पैसे गेलेच असतील तर मात्र मेलची वाट पाहू नये, त्या माणसाला लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावावं.