जुन्या फटफटीचे घरगुती पुनरुज्जीवन (ग्रामीण विदर्भ)

अनेक वर्षे बंद पडून राहिलेली कमी क्षमतेची जुनी मोटारसायकल मालकाने घरीच, गावातील मिस्त्री आणि तालुक्याच्या ठिकाणचा लेथवाला (लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारा कारागीर) यांच्या मदतीने, पुन्हा चालती करण्याच्या कामास हे नाव देता येईल. विदर्भाच्या खेड्यांत मोटारसायकलीला जुनी माणसे अजूनही फटफटी म्हणतात. हे काम सजावटीपेक्षा वेगळे आहे. सजावटीत रंग आणि क्रोम आधी येतात. येथे इंजिन, ठिणगी, इंधन आणि ब्रेक आधी येतात, आणि रंग कधीकधी लावलाच जात नाही. कारखान्यातून आलेला मूळ रंग फिका पडलेला असला तरी तो पुन्हा मिळत नाही; म्हणून नवा रंग लावण्याची घाई करू नये.

या भागातील गोठ्यांत आणि पडवीत सापडणाऱ्या गाड्या बहुधा दोन-तीन घराण्यांतील असतात. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या आराखड्यावर आधारलेली, १७३ घनसेंमी क्षमतेची टू-स्ट्रोक (पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा इंधन पेटवणारे इंजिन असलेली) गाडी होती. साधे इंजिन आणि मजबूत सांगाडा यांमुळे ती दूध वाहणाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना परवडली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या नावाने २४८.५ घनसेंमीच्या गाड्या बनवल्या. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा-येझदीला एकाच सिलिंडरसाठी दोन सायलेन्सर असतात आणि किक मारण्याचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो, ही खूण लहान मुलेसुद्धा ओळखत. १९८५ नंतरची यामाहा आरएक्स-१०० ही ९८ घनसेंमीची गाडी या यादीत सर्वांत तरुण आहे. पुढील वर्णन मुख्यतः अशा टू-स्ट्रोक गाड्यांना लागू पडते.

गाडी कुठे उभी होती, यावरून निम्मे निदान होते. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये घट्ट बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून धड दिसणारे मडगार्ड स्क्रूड्रायव्हरने टोकरले की भोक पडते. कापूस साठवलेल्या खोलीत उभ्या असलेल्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सरकीसह घरटे केलेले आढळते, तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि रबराच्या नळ्या, गॅस्केट व सील कडक होऊन तडकतात. हे सर्व तपासण्यापूर्वी गाडीला किक मारणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक होय, कारण सिलिंडरमध्ये गंज किंवा कचरा असेल तर त्या एका किकेने भिंतीवर उभे ओरखडे पडतात.

योग्य क्रम असा की प्रथम प्लग काढावा आणि त्याच्या भोकातून थोडे डिझेल व इंजिन ऑइल सोडून गाडी दोन-चार दिवस तशीच ठेवावी. त्यानंतर वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करावे; पिस्टन सुटला तर चाकातून ते जाणवते. नाही सुटला तर पुन्हा तेल सोडून थांबावे. हातोडीचा मोह येथे टाळला पाहिजे, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन फुटतो. खरिपाची घाई संपलेली असताना किंवा उन्हाळ्यात हे काम हाती घेणाऱ्याला थांबायला वेळ मिळतो, आणि या टप्प्यावर थांबणे हेच काम असते.

इंधनाच्या वाटेत पहिला अडथळा टाकीचा गंज हा असतो. टाकीत लहान गोटे किंवा जुन्या चेनचा तुकडा व व्हिनेगर घालून ती हलवतात, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात, स्वच्छ पाण्याने धुतात आणि भर उन्हात पूर्ण वाळवून लगेच आतून तेलाचा हात देतात, कारण उघडा पत्रा रात्रभरात पुन्हा गंजतो. गळकी टाकी घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. पेट्रोलच्या जुन्या कॉकमधील बूच आणि रबर आजच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात लवकर बिघडतात, शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते. म्हणून नळ्या नव्या घ्याव्यात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) रिकामा करावा. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे भाग) तारेने टोकरू नयेत, त्याने भोक मोठे होते. रॉकेलमध्ये भिजवून हवेने फुंकावेत.

ठिणगीची तपासणी सोपी आहे. काढलेला प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग हेडला टेकवावे आणि सावलीत किक मारून पाहावी, मात्र त्याआधी पिस्टन सुटलेला आणि सिलिंडर स्वच्छ असल्याची खात्री हवी. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी आणि मलूल असेल तर पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोके) पोलीश पेपरने साफ करून त्यातील फट सुमारे ०.४ मिमी ठेवावी. पॉइंट वारंवार जळत असतील तर दोष बहुधा कंडेन्सरचा (पॉइंटवरील ठिणगी शोषणाऱ्या भागाचा) असतो. काही गाड्यांत ठिणगी मॅग्नेटवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकावर) तयार होते, पण जावासारख्या गाड्या ६ व्होल्टच्या बॅटरी व डायनॅमोवर चालतात, त्यामुळे मेलेल्या बॅटरीला इंजिनाचा दोष समजून संपूर्ण इंजिन उघडण्याचे प्रकार घडतात.

टू-स्ट्रोक इंजिनाचे खरे मर्म क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलमध्ये आहे, आणि हौशी कारागिराकडून तेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हवाबंद असणे हाच पंप चालण्याचा आधार आहे. गिअरबॉक्सकडचे सील गळाले तर गिअर ऑइल ओढले जाऊन दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील तेल विनाकारण कमी होते. मॅग्नेटकडचे सील गळाले तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण विरळ होते, इंजिन गरम होऊन पिस्टन धरतो, म्हणजे अडकून बसतो. धूर दिसत नसल्याने हा दोष अधिक फसवा ठरतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीची सीले दिसायला चांगली असली तरी बदलावीत, कारण त्यांची किंमत नव्या पिस्टनच्या तुलनेत नगण्य असते. कॉनरॉड (पिस्टन व क्रँक जोडणारा दांडा) सैल झाला असेल तर क्रँक दाबून उघडणे घरचे काम नव्हे; त्यासाठी प्रेस असलेला लेथवाला हवा. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून (आतून कातून) ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवतात, मात्र पिस्टन आधी हाती घेऊन मगच बोअर करावा.

ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. टायरच्या नक्षीपेक्षा त्याच्या बाजूच्या भेगा पाहाव्यात. रिमचा आउट (वाकडेपणा) काढणे व केबल बदलणे गावातच होते.

कागदपत्रांचे काम इंजिनाइतकेच चिवट असते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नमुना २५ मधील अर्जाने नूतनीकृत करावी लागते आणि गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावची गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ आहे. भंगारातून घेतलेल्या, आरसी बुक नसलेल्या गाडीवर पैसा घालण्याआधी चेसीस क्रमांकाची नोंद आरटीओ कार्यालयात शोधावी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी मिळते, परंतु तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शेतावर ये-जा करू इच्छिणाऱ्याने साधे नूतनीकरणच निवडावे.

चालू झालेल्या गाडीत २५ भाग पेट्रोलास १ भाग टू-स्ट्रोक तेल, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर, हे प्रमाण जुन्या इंजिनांना बहुधा मानवते. पुस्तिका मिळाल्यास तिचेच ऐकावे. नव्या पिस्टनवर पहिले ५०० किमी गाडी दामटू नये आणि मे महिन्याच्या दुपारी तर लांब चढ टाळावा. अशा फेरीनंतर प्लग काढून पाहिला आणि त्याचे टोक विटकरी-तपकिरी आढळले तर मिश्रण जमले आहे. पांढरे असेल तर हवा कुठून शिरते ते शोधावे, आणि काळे व ओले असेल तर कार्बोरेटरची सुई एक खाच खाली आणावी.