६० टक्के आणि ९० टक्के यात फक्त चार दाण्यांचा फरक

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने हिशोब मांडला, इराणचं युरेनियम ६० टक्के, बॉम्बला लागतं ९० टक्के, म्हणजे अजून एक तृतीयांश काम बाकी, मग २०२५ च्या जूनमध्ये इस्राएल आणि अमेरिकेने इराणच्या अणुप्लांटवर हल्ला करायची एवढी घाई का केली? हल्ला बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू, पण हे गणितच चुकलंय.

खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं यू-२३५ (युरेनियमचा हलका प्रकार, ते टक्के याचेच) हजारात जेमतेम ७, बाकी ९९३ यू-२३८, म्हणजे जड प्रकार. समजा हजार तांदूळ आहेत, त्यात ७ आंबेमोहोर आणि ९९३ कोलम. आपल्याला आंबेमोहोर वेगळा करायचाय, म्हणजे कोलम काढत जायचं. ८०९ कोलम काढले की आंबेमोहोर होतो ३.६७ टक्के, २०१५ च्या अणुकरारात इराणला एवढीच मर्यादा होती. ९६५ काढले की २० टक्के. ९८८ काढले की साधारण ६० टक्के, कारण आता ७ आंबेमोहोर आणि ५ कोलम उरले. आणि ९० च्या आसपास जायला अजून किती काढायचे? चार! हिशोब ढोबळ आहे, खऱ्या प्लांटमध्ये थोडा आंबेमोहोरही वाया जातो, पण मुद्दा तोच राहतो.

आता निवडायचं कसं हे मला सगळ्यात भारी वाटतं. युरेनियमचे दोन्ही प्रकार रसायनशास्त्राच्या दृष्टीने सारखेच, त्यामुळे ॲसिड वगैरे टाकून वेगळे होत नाहीत, फरक फक्त वजनाचा. म्हणून युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून वायू बनवतात. फ्लोरिनच का, तर निसर्गात फ्लोरिनचा एकच प्रकार सापडतो, त्यामुळे रेणूच्या वजनात जो फरक येतो तो फक्त युरेनियमचा, ३४९ विरुद्ध ३५२, एक टक्कासुद्धा नाही. हा वायू उभ्या नळकांड्यात भरायचा आणि ते सेकंदाला हजारेक फेरे फिरवायचं, डेअरीतलं क्रीम सेपरेटर जसं तसंच, जड भिंतीकडे आणि हलकं मध्याकडे. त्यात खालचं टोक थोडं गरम आणि वरचं गार ठेवलं की वायू वरखाली फिरत राहतो आणि तोच छोटा फरक उंचीभर साचत जातो, तरीही एका मशीनमधून जेमतेम फायदा मिळतो म्हणून एकाचं तोंड दुसऱ्याला जोडत अख्खी माळ करतात, त्याला कॅस्केड म्हणतात, इराणच्या नतान्झ प्लांटमध्ये एका माळेत १६४ मशीन असायच्या. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने हाच वेग गुपचूप कमीजास्त करून मशीन मोडल्या होत्या.

आपल्याकडचे बहुतेक रिॲक्टर जड पाण्यामुळे (जड हायड्रोजनचं पाणी) साध्या युरेनियमवर चालतात, पण तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन रिॲक्टरना असं थोडं समृद्ध केलेलं, म्हणजे यू-२३५ चं प्रमाण वाढवलेलं इंधन लागतं. म्हणजे समृद्धीकरण झालं की लगेच बॉम्ब असं नाही, सगळा प्रश्न टक्क्यांचा आहे.

त्या जूनमध्ये दुसरा एक फॉरवर्ड फिरत होता, फोर्डोवर (इराणचा डोंगराखालचा समृद्धीकरण प्लांट) बॉम्ब पडला तर अणुस्फोट होईल. असं होत नाही, साठ्यावर स्फोटकं पडून अणुस्फोट घडत नाही. खरा धोका त्या युरेनियम-फ्लोरिन वायूचा, हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की जहाल फ्लोरिन आम्ल तयार होतं. हल्ल्यानंतर प्लांटच्या बाहेर किरणोत्सर्ग वाढलेला नाही असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलंच होतं.

पण त्याच संस्थेच्या अंदाजाने हल्ल्याआधी ६० टक्केवालं युरेनियम साधारण ४४० किलो होतं, आणि असं सुमारे ४२ किलो पुढे समृद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होतं. भागाकार तुम्हीच करा. कारखाना डोंगराखाली असला तरी उपग्रहातून त्याची दारं दिसतात, ४४० किलो मात्र काही सिलिंडरमध्ये मावतं आणि सिलिंडर गाडीत ठेवता येतात. मशीन बॉम्बने फुटतात, पण निवडलेला तांदूळ कुठल्या डब्यात ठेवलाय ते निरीक्षकाने आत जाऊन, वजनकाटा लावून आणि सील तपासूनच कळतं.