शालेय स्वच्छतागृहांतील पाणीबचत

शाळेतील शौचालये, मुताऱ्या आणि हात धुण्याच्या जागा स्वच्छ व वापरात ठेवून तिथे वाया जाणारे पाणी वाचवणे. यातले ‘स्वच्छ व वापरात ठेवून’ हे आधी सांभाळायचे. पाणी नाही म्हणून शौचालयाला कुलूप घातले, तर खर्च घटतो, पण ती बचत नव्हे. शाळेत शौचालयाला जायची वेळ येऊ नये म्हणून कित्येक मुली दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत घरीच राहतात. सर्व शाळांत पिण्याचे पाणी व शौचालये पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिला. २०१४ पासूनच्या ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेने साधारण ४० मुलांमागे एक शौचालय व तीन मुताऱ्या असे प्रमाण सुचवले. संडास बांधले गेले, तरी पाण्याची सोय सगळीकडे झाली नाही.

भारतीय मानकानुसार दिवसाच्या शाळेला दरडोई रोज ४५ लिटर, तर निवासी शाळेला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे ३०० मुलांच्या शाळेला दिवसाकाठी १३,५०० लिटर. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात, टँकरवर असलेल्या गावात, हा आकडा कागदावरच राहतो. तिथे उपलब्ध पाणी नेमके कुठे जाते, हे पाहणे भाग पडते.

सर्वांत मोठी नासाडी बहुधा मुलांच्या हातून होत नाही, ती गळतीतून होते. शाळा सहा-सात तास भरते, गळकी तोटी मात्र चोवीस तास वाहते, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीतही. तासाला एक लिटरची बाटली भरेल एवढी धार असली, तरी दिवसाला २४ लिटर पाणी जाते. दुरुस्तीला मात्र काही रुपयांचा वायसर पुरतो. मीटर असेल तर शाळा सुटताना आणि सकाळी भरण्यापूर्वी आकडा टिपावा. रात्रीत तो वाढला असेल तर कुठेतरी गळते आहे. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकून अर्धा तास थांबावे. कोणी फ्लश न करता भांड्यात निळे पाणी उतरले, तर आतला वॉल्व्ह खराब आहे. मुताऱ्यांवरची आपोआप सुटणारी टाकीही रात्री बंद ठेवावी लागते.

फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी १० लिटर किंवा जास्त पाणी सोडतात, दोन बटणांच्या टाक्या ३ किंवा ६ लिटर. जुन्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली, तर तेवढे पाणी वाचते. वीट ठेवू नये. ती झिजते आणि तिची माती वॉल्व्हमध्ये अडकते. फ्लश अपुरा पडून मूल दोनदा ओढू लागले, तर बाटली काढलेली बरी. संडासाच्या जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी ओतले की पुरते. खेड्यातल्या शाळेला फ्लशपेक्षा हे भांडे, भरलेली बादली आणि मग्गा अधिक सोयीचे. बिनपाण्याच्या मुताऱ्याही मिळतात, पण त्यांच्या वास अडवणाऱ्या झडपेची निगा राखली नाही तर लवकरच दुर्गंधी सुटते, म्हणून देखभालीला माणूस नेमल्याशिवाय त्या बसवू नयेत.

मधल्या सुट्टीत, खिचडी वाढण्याआधी, शे-दोनशे मुले एकदम हात धुवायला येतात. मिनिटाला सहा लिटर सोडणारी तोटी साबण चोळताना वीस सेकंद उघडी राहिली, तर प्रत्येकामागे दोन लिटर पाणी जाते. यावर साधा उपाय म्हणजे बारीक भोके पाडलेली आडवी नळी. एका व्हॉल्व्हवर दहा-बारा मुलांचे हात ओले होतात, व्हॉल्व्ह बंद करून साबण चोळला जातो, पुन्हा उघडून हात धुतले जातात. सांडपाणी जाळीतून, मग खडी-वाळूतून गाळून परसबागेला किंवा संडासात ओतायला वापरता येते. जाळी रोज साफ करावी, नाहीतर खिचडीच्या शितांनी नळी तुंबते. मात्र हात धुण्याच्या, पाळीच्या स्वच्छतेच्या आणि संडास घासण्याच्या पाण्यात काटकसर करू नये. टंचाईच्या महिन्यांत शाळा व्यवस्थापन समितीने हे पाणी आधी बाजूला काढावे, मग उरलेल्याचा हिशेब मांडावा.