एका फाशावरचं मरण : मॉन्स्टरच्या जीवघेण्या शक्ती कशा बदलत गेल्या

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या टेबलावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. वाद मात्र जगभर होतो तोच इथेही होतो. नजरेने दगड करणाऱ्या मेडुसाने पाहिलं, फासा कमी पडला आणि कितीतरी रात्री जपलेलं कॅरेक्टर दगड झालं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, नियम जसाच्या तसा लावायचा की सैल करायचा? या भांडणात ‘मूळ नियम’ हमखास पुढे केला जातो. तो मूळ नियम काय होता आणि का होता, हे माहीत असलं तर भांडण जरा कामाचं होईल.

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ 1971 मध्ये आलं. ते होतं लहान पुतळ्यांनी लढाई खेळण्याचे नियम. तिथे सैनिक पडला की बाजूला ठेवायचा, त्याच्यासाठी कुणी हळहळत नसे. डेव्ह आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ खेळात एक खेळाडू एकच माणूस सांभाळू लागला, तेव्हा एका घावात मरणं लोकांना नकोसं झालं. म्हणून आर्नेसनने हिट पॉइंट आणले, म्हणजे किती घाव सोसता येतील याचा आकडा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मरण सैल करणं ही अलीकडच्या लाडावलेल्या पोरांची मागणी आहे असं म्हणणारे जुने खेळाडू भेटतात. हा खेळ आकाराला आला तोच त्या मागणीतून.

पण हिट पॉइंटांनी तलवारीचं मरण लांबवलं, विषाचं नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 1974 च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये विष, मृत्युकिरण, दगड करणारी नजर हे सगळं हिट पॉइंटांना वळसा घालून थेट जिवावर येत होतं. मध्ये उभा एकच अडसर, सेव्हिंग थ्रो किंवा सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठी टाकायचा फासा. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याला विषातून वाचायला वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा जास्त हवेत, जादूगाराला 13, धर्मगुरूला 11. म्हणजे लढवय्या शंभरात पंचेचाळीस वेळा वाचणार, जादूगार चाळीस वेळा. एका कोळ्याच्या चाव्यासाठी हे फारच महाग आहे.

गायगॅक्सने याची बाजू 1979 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये मांडली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. कुणीतरी आक्षेप घेतला होता की, खडकाला साखळीने बांधलेला माणूस ड्रॅगनच्या ज्वाळेतून वाचेलच कसा? गायगॅक्सचं उत्तर असं की, का नाही? शेवटच्या क्षणी त्याला खडकात एखादी कपार सापडली असेल, साखळी निसटली असेल. म्हणजे त्याच्या लेखी सेव्हिंग थ्रो ही मेहेरबानी होती. जिथे मरण ठरलेलंच आहे तिथे दिलेली शेवटची संधी. पुढच्या पिढ्यांनी तोच फासा उलट्या बाजूने पाहिला. चांगला धडधाकट हिरो, आणि एका फाशावर गेला! नियम तोच राहिला, त्याच्याकडे बघणारा माणूस बदलला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा इथे आहे.

मरणाहून जास्त धास्ती होती लेव्हल ड्रेनची, म्हणजे अनुभवाने चढलेली पायरी गमावण्याची. वाइट नावाच्या जित्या प्रेताचा स्पर्श झाला की एक लेव्हल गेली, व्हॅम्पायरचा झाला की दोन. अनेक महिन्यांची कमाई एका फटक्यात पुसली जायची, आणि बहुतेक वेळा त्याला सेव्हसुद्धा नसायचा. यातली भीती खरी होती. थडग्यातून काही उठतंय असं डीएमने म्हटलं की लढायला कुणी पुढे होत नसे, पळायची वाट आधी शोधली जाई. आजच्या नियमांत ती धडकी उरलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र जुना खेळ नुसता क्रूर नव्हता. सगळ्यात बदनाम साहस ‘टूम ऑफ हॉरर्स’ घ्या. 1975 च्या ओरिजिन्स मेळाव्यात ते खेळवलं गेलं, 1978 मध्ये छापलं गेलं. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचा चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडात शिरलं की माणूस संपला, सेव्ह नाही. पण त्याच थडग्याच्या वाटेवर, पायाखालच्या नक्षीत एक कोडं लिहिलेलं आहे आणि त्यात हिरव्यापासून जपा अशी सूचना आहे. जो वाकून वाचतो तो वाचतो.

आपल्याकडची भुतं याच नियमाने चालतात. मुंजा पिंपळावर असतो, म्हणून तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबायचं नाही. हडळीचे पाय उलटे, ते ओळखले तर जीव वाचतो. चकवा वाट भुलवतो, पण उजाडलं की त्याचा जोर सरतो. जीव घेणाऱ्या प्रत्येकाला एक खूण आहे, एक जागा किंवा वेळ आहे. आजीकडून हे ऐकत वाढलेल्या डीएमकडे जीवघेणा मॉन्स्टर मांडण्याचं अर्धं शिक्षण आधीच झालेलं असतं.

नियमांनी मात्र दुसरी वाट धरली. खूण वाढवण्याऐवजी त्यांनी घाव कमी केला. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 1997 मध्ये हा खेळ छापणारी टीएसआर विकत घेतली आणि 2000 मध्ये तिसरी आवृत्ती आली. विषाने आता शक्ती किंवा चपळता कमी होऊ लागली, एकदा लगेच आणि पुन्हा एका मिनिटाने. हा बदल मला पटतो. घोणस किंवा मण्यार चावलेला माणूस तिथल्या तिथे मरत नाही, खानापूरच्या रानालगत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दवाखाना गाठायला वेळ मिळतो, आणि त्या वेळातच खरी गोष्ट घडते. लेव्हल ड्रेनलाही, लेव्हल कायमची जाण्याआधी, चोवीस तासांची मुदत मिळाली. मात्र मेडुसा आणि बोडाक (नजरेने मारणारं प्रेत) यांच्या नजरेतून वाचणं अजून एकाच सेव्हवर होतं.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने तेही मोडलं. बॅसिलिस्कने पाहिलं की आधी चाल मंदावते, सेव्ह चुकला तर माणूस जागीच खिळतो, पुन्हा चुकला तरच दगड. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मधली वाट घेतली. मेडुसासमोर 14 हवेत. पाच किंवा जास्तने कमी पडलात तर लगेच दगड, थोडक्यात हुकलात तर शरीर आखडायला लागतं आणि पुढच्या पाळीअखेर आणखी एक संधी मिळते. डोळे फिरवून लढायची मुभा आहेच, पण मग तिच्यावरचे वार चुकू लागतात. खेळाडूला दर पाळीला काहीतरी ठरवावं लागतं, म्हणून मला ही मांडणी आतापर्यंतची सर्वांत चांगली वाटते. याच आवृत्तीत मोठ्या मॉन्स्टरांनाही दिवसातून ठरावीक वेळा चुकलेला सेव्ह जमलेला मानण्याची सोय मिळाली. एका मंत्रात ड्रॅगन लोळवणाऱ्या जादूगारांचा तक्रारीचा सूर तेव्हापासूनचा आहे.

पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने याहून नीटस चार पायऱ्यांची पद्धत आणली : पार यश, यश, अपयश, पार अपयश. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

घाव जवळजवळ जुनाच आणि अटी नव्या, असं उदाहरण पाहायचं तर 2014 ची बॅन्शी, किंचाळणाऱ्या बाईचं भूत. तिच्या किंकाळीने तीस फुटांतला, 13 न पडलेला प्रत्येक जण थेट शून्य हिट पॉइंटवर जातो. चौथ्या-पाचव्या लेव्हलची सगळी टोळी एका पाळीत आडवी होऊ शकते. पण किंकाळी दिवसातून एकदाच, उन्हात नाही, आणि ज्याला ऐकू येतं त्यालाच लागते. शून्यावर गेलेला लगेच मरतही नाही. तीन सेव्ह चुकेपर्यंत सोबत्यांना त्याला सावरता येतं.

हीच बॅन्शी मलप्रभेच्या काठावरची हडळ म्हणून आणणाऱ्या डीएमने 13 चा 10 करू नये, तीस फुटांचे दहा करू नयेत. वाडीतली माणसं दिवेलागणीनंतर कानात कापूस घालून बसतात, एवढं खेळाडूंना संध्याकाळीच दिसू द्यावं. कुणी कारण विचारलं तर म्हातारीने सांगावं, नाही विचारलं तर सांगू नये.