मुद्दाम घालवलेली वीज

आईच्या खात्यातून मुलीच्या खात्यात ५०० रुपये वळवायचे आहेत. डेटाबेसने, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रॅमने, आईचे पैसे वजा केले आणि मुलीच्या खात्यात जमा करणार, तेवढ्यात वीज गेली. वीज परत आल्यावर एक तर दोन्ही नोंदी दिसायला हव्यात, नाहीतर एकही नाही. मधलं काही चालणार नाही.

डेटाबेस हे खरंच पाळतो का, हे तपासायचं कसं? एसक्यूलाइट (SQLite) नावाच्या डेटाबेसच्या टेस्टमध्ये, म्हणजे त्याला तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, याचं फार सुंदर उत्तर आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेला हा छोटा डेटाबेस आज अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट आणि मेसेज सांभाळतो. २०२३ च्या आवृत्तीत त्याचा मूळ कोड सुमारे दीड लाख ओळींचा होता आणि त्याला तपासणारा कोड त्याच्या ५९० पट!

वीज जाण्याचा प्रसंग ते असा उभा करतात. टेस्ट एक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम, सुरू करते. ती डेटाबेसमध्ये लिहायला लागते आणि लिहिता लिहिताच तिला मारून टाकलं जातं. डेटाबेस आणि डिस्क यांच्या मध्ये एक खोटी फाइल सिस्टिम (फाइली डिस्कवर लिहिणारी यंत्रणा) बसवलेली असते. डिस्कवर पक्कं न झालेलं लिखाण ती मागेपुढे करते, काही बिघडवून टाकते, कारण खरी वीज गेली की डिस्कवर असाच गोंधळ उरतो. मग मूळ टेस्ट तो डेटाबेस पुन्हा उघडते आणि बघते: बदल पूर्ण झालाय, की पूर्ण मागे फिरलाय?

मेमरीची टेस्ट मला याहून आवडते. प्रोग्रॅम मेमरी मागतो, तेव्हा पहिल्याच मागणीला नकार द्यायचा. डेटाबेस कोसळला नाही, चूक नीट कळवली, की तेच काम पुन्हा सुरू करायचं आणि या वेळी दुसऱ्या मागणीला नकार द्यायचा. मग तिसऱ्या. एकही नकार न येता काम तडीस जाईपर्यंत ही फेरी चालते. नकाराची एकही जागा सुटत नाही. इतकी चिकाटी माणसाला हाताने जमणारच नाही.

एवढ्या टेस्ट दर बदलाला चालवणं मात्र परवडत नाही. म्हणून रोजच्या कामासाठी काही मिनिटांत संपणारा एक छोटा संच आहे आणि सगळ्या टेस्ट नवी आवृत्ती काढण्याआधी चालतात. बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडला, तर तो दाखवून देणारी टेस्ट लिहिल्याशिवाय बग सुटला असं धरत नाहीत.

आपल्या साध्या ॲपच्या डेटाबेसला इतकं करावं लागत नाही, पण एक पथ्य पाळावंच लागतं: प्रत्येक टेस्टला कोरा डेटाबेस मिळाला पाहिजे. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) उघडायचं, टेस्ट चालवायची, शेवटी रोलबॅक, म्हणजे ते सगळे बदल मागे फिरवायचे. किंवा डेटाबेस नुसता मेमरीतच उभा करायचा, काम झालं की तो पुसला जातो.

हे मी उशिरा शिकलो. एका ठिकाणी आमची ग्राहक मोजणारी टेस्ट एकटी चालवली की पास व्हायची, सगळ्यांबरोबर फेल. दोन दिवस क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तपासत बसलो. क्वेरी बरोबरच होती. आधीच्या एका टेस्टने ग्राहकाची एक ओळ घालून ती तशीच सोडली होती. रोलबॅक घातला. त्याच संध्याकाळी सगळ्या टेस्ट उलट्या क्रमाने चालवून पाहिल्या, तर आणखी दोन फेल झाल्या.