किडनीतली गाठ: सीटी झाल्यावर पुन्हा एमआरआय कशाला?

सदाशिव पेठेतल्या आमच्या मामांची पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी झाली. खडे राहिले बाजूला, डाव्या किडनीवर अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. मग सीटी, त्यानंतर एमआरआय. "दोन्हीकडे त्या बोगद्यातच झोपवतात, मग दोनदा पैसे कशाला भरायचे?" मामींचा प्रश्न रास्त होता.

शोधायचं एकच असतं: गाठीत नुसतं पाणी आहे की रक्त घेणारं मांस. सोनोग्राफीत पातळ भिंतीची, स्वच्छ पाण्याची गाठ दिसली तर बहुधा विषय तिथेच संपतो. शंका उरली की पुढच्या तपासण्या.

सीटी म्हणजे क्ष-किरण. आधी साधे फोटो, मग शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (रक्त पोचतं ती जागा फोटोत उजळवणारं औषध) देऊन पुन्हा. गाठीची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याचा आकडा शून्य. कॉन्ट्रास्टनंतर आकडा 20 किंवा जास्त वाढला तर गाठ रक्त घेते, 10 च्या आत राहिला तर नाही. मामांचा 34 वरून 48 झाला. वाढ 14, म्हणजे धड इकडे ना तिकडे. शेजारची किडनी उजळल्यामुळे छोट्या सिस्टचा (पाण्याच्या गाठीचा) आकडाही उगाच वाढलेला दिसू शकतो. आणि साधे फोटो न काढता थेट कॉन्ट्रास्टचा सीटी केला, तर तुलना करायला काहीच उरत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच हे विचारून घ्या.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, चुंबक आहे, आणि कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचं. इथे नंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा करता येतो. उरतो फक्त रक्त घेणारा भाग. मामांची गाठ कॉन्ट्रास्टच्या आधीच पांढरीशुभ्र दिसत होती, कारण आत जुनं रक्त साकळलं होतं. वजाबाकीत मात्र तीच जागा काळीकुट्ट! रिपोर्टात 'बोस्नियाक 2' आलं. सिस्टची ही वर्गवारी 1986 मध्ये सीटीसाठी आली, 2019 च्या सुधारणेत एमआरआयचे निकषही रीतसर जोडले गेले. वर्ग 2 म्हणजे निरुपद्रवी.

तरी सुरुवात सहसा सीटीनेच होते. काही मिनिटांत उरकतो, कॅल्शियम नीट दिसतं, ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला रक्तवाहिन्यांचा नकाशा मिळतो. एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो, खडखडाट सोसत पुन्हापुन्हा श्वास रोखावा लागतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. क्रिएटिनिनचा (किडनीचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा रिपोर्ट आणि आधीच्या तपासण्यांच्या सीडी दोन्हीकडे बरोबर न्या. जुन्या फोटोंवरून गाठ वाढली की नाही ते कळतं.